खाणावळीचे ताट : भाव कशाचा द्यायचा?

आपल्या वाचकांपैकी जे फिरतीचा धंदा करतात त्यांना दुपारचे जेवण बाहेर घेणे चुकत नाही. पेणहून सकाळी निघालेला कापडवाला अलिबाग, रेवदंडा, नांदगाव करीत मुरूडला पोहोचतो तोवर जोहरची वेळ होऊन गेलेली असते. म्हसळा-श्रीवर्धनच्या बाजूला गेला तर घरी परतायला रात्र. डबा सोबत नेला तरी एप्रिल-मेच्या उकाड्यात गाडीत ठेवलेली भाजी दुपारपर्यंत आंबते. मग रस्त्याच्या कडेला ‘घरगुती जेवण मिळेल’ अशी पाटी दिसली की पाय आपोआप तिकडे वळतात. भूक लागलेल्या माणसाला भाव विचारण्याचे सुचत नाही, आणि विचारले तरी तो भाव रास्त की महाग हे ठरवायचे कसे, हे ठाऊक नसते. सदर लेखात याच प्रश्नाचा हिशेब मांडण्याचा आमचा विचार आहे.

प्रथम रक्कम पाहू. समजा महिन्यात १२ दिवस फिरती आहे आणि दर वेळी जेवणाचे ३०० रुपये जातात. महिन्याचे ३,६०० आणि वर्षाचे ४३,२०० रुपये झाले. कापडाच्या किरकोळ धंद्यात दुकानभाडे, पगार, व्याज वजा जाता शेकडा ८ रुपये हाती राहतात असे धरले, तर एवढे कमावण्यासाठी ५ लाख ४० हजार रुपयांचा माल विकावा लागतो. म्हणजे वर्षातले कितीतरी दिवस आपण केवळ दुपारच्या ताटासाठी ठाण फाडीत असतो. जो इसम गिऱ्हाइकाला मीटरमागे ५ रुपये सोडताना कपाळाला आठ्या घालतो, तोच हॉटेलात बसल्यावर बिलाकडे न पाहता नोट ठेवतो. काही जण याच्या अगदी उलट वागतात. दिवसभर वडापाव आणि चहावर काढतात आणि संध्याकाळी पित्ताच्या गोळ्या घेतात. तोही हिशेब खरा नव्हे.

आता ताटात काय काय असते ते वेगळे करू. भात, आमटी, भाजी, भाकरी किंवा पोळी हा झाला पाया. या पायाचा भाव कितीसा असावा याचे एक सरकारी मोजमाप उपलब्ध आहे. महाराष्ट्र सरकारने २६ जानेवारी २०२० रोजी शिवभोजन योजना सुरू केली. तिच्या थाळीत ३० ग्रॅमच्या दोन चपात्या, १०० ग्रॅम भाजी, १५० ग्रॅम भात आणि १०० ग्रॅम वरण असे माप ठरले होते. गिऱ्हाइकाने १० रुपये द्यायचे आणि उरलेली रक्कम सरकारने चालकाला द्यायची. या थाळीची पूर्ण किंमत शहरात ५० आणि ग्रामीण भागात ३५ रुपये धरली गेली. म्हणजे जिन्नस, सरपण, मजुरी आणि चालकाचा थोडा नफा धरून त्या साली गावातले साधे ताट ३५ रुपयांत बसेल असा अंदाज होता. थाळी लहान होती हे खरे. त्यानंतर महागाई वाढली हेही खरे. सबब आपण हा आकडा दुपटीच्या जवळ नेऊन, सढळ हाताने वाढलेल्या साध्या ताटाच्या जिनसांसाठी ६० रुपये धरू. तेल, मसाला, नारळ, कोकम यांचे आणखी ४० धरू. शंभर रुपये झाले.

याच्या वर जे काही द्यायचे ते मासळीचे. किनाऱ्यावरच्या ताटाचा सगळा सौदा त्या एका तुकडीत आहे.

समजा सुरमई बाजारात ९०० रुपये किलो आहे. दोन किलोचा मासा घेतला. डोके, शेपूट, पर, आतडी काढल्यावर तळण्याजोग्या तुकड्या साधारण दीड किलो निघतात. याचा अर्थ तुकडीचा खरा भाव १,२०० रुपये किलो पडला. डोके कालवणात जाते, ते वाया जात नाही, तथापि ते तळलेल्या तुकडीच्या भावाने विकता येत नाही. आता १०० ग्रॅमची तुकडी ताटात आली तर मालकाला ती १२० रुपयांना पडली. ६० ग्रॅमची आली तर ७२ रुपयांना. पहिल्या ताटाचा माल २२० रुपयांचा आणि दुसऱ्याचा १७२ रुपयांचा. दोन्ही हॉटेलांच्या पाटीवर मात्र ‘सुरमई थाळी ४०० रुपये’ असे एकच लिहिलेले. एका ताटामागे ४८ रुपयांचा फरक. दिवसाला ४० ताटे गेली तर १,९२० रुपये गिऱ्हाइकाच्या खिशातून गेले, आणि कोणाला पत्ताही लागला नाही.

पत्ता लागत नाही याचे कारण कापडवाल्याला सांगायला नको. खळ लावलेले कापड हाताला जाड लागते आणि पहिल्या धुण्यात विरविरीत होते. मासळीच्या तुकडीवरचा रवा ही त्या तुकडीची खळ आहे. पातळ तुकडी मसाल्यात घोळून तिच्यावर रव्याचा जाड थर दिला की ताटात ती रुंद आणि भरदार दिसते. काट्याशी बोट गेल्यावर कळते की आत मासा किती आहे. म्हणून आमचा रिवाज असा की अनोळखी ठिकाणी तव्यावरची तुकडी मागावी, कमी रव्याची, आणि ती कडेने पाहावी. जाडी कडेनेच दिसते.

आपल्या धंद्यात पन्हा विचारल्याशिवाय कोणी मीटरचा भाव बोलत नाही. ३६ इंच पन्ह्याचे कापड आणि ५८ इंच पन्ह्याचे कापड एकाच भावाने मागितले तर दुकानदार हसेल. आमच्या वडिलांच्या वेळी वाराचा मीटर झाला तेव्हाही लोकांनी सुरुवातीला कुरकूर केली, पण वार किती आणि मीटर किती हे विचारून घेतलेच. थाळीच्या बाबतीत मात्र पन्हा न विचारता आपण भाव कबूल करून बसतो. ‘तुकडी किती ग्रॅमची?’ हा प्रश्न विचारण्यात लाज कसली? ज्या खाणावळीचा मालक स्वतः बाजारातून मासा आणतो त्याला याचे उत्तर तोंडपाठ असते. ‘किलोत बारा काढतो’ किंवा ‘किलोत पंधरा’ असे तो सांगेल. किलोत बारा म्हणजे ८३ ग्रॅम, पंधरा म्हणजे ६६. एवढे कळले की पुढचा हिशेब जमिनीवर बसल्या बसल्या होतो.

हाच नियम इतर मासळीला लावताना घट बदलते. कोळंबी डोक्यासकट घेतली तर सोलल्यावर जेमतेम निम्मी उरते, म्हणून ताटात मोजून सहा कोळंब्या आल्या तर मालकाला लगेच दोष देऊ नये. बोंबलात पाणी फार. दडपून, पाणी काढून तव्यावर टाकला तरी तो आटतो. पण बोंबील नाजूक मासा आहे, लांबचा प्रवास त्याला सोसत नाही, आणि किनाऱ्यावर तो जितका ताजा मिळतो तितका पुण्याच्या हॉटेलात दामदुप्पट देऊनही मिळणार नाही. बांगडा आणि मांदेली ही गरिबाची मासळी म्हणून हिणवली जाते, वस्तुतः पैशाच्या मानाने पोट भरणारी तीच. पापलेटाचे प्रकरण निराळे. तळहाताएवढे अख्खे पापलेट ताटात मांडले की गिऱ्हाईक खूश होते, अख्खा मासा मिळाला म्हणून. पण पापलेटाचा किलोचा भाव आकाराप्रमाणे चढतो. लहान पापलेट मालकाला बरेच स्वस्त पडते आणि त्यात मांस थोडे. शिवाय ते पिल्लू असते. महाराष्ट्र सरकारने २०२३ साली रुपेरी पापलेटाला राज्यमासा म्हणून जाहीर केले आणि पिल्ले पकडली जाऊ नयेत म्हणून अनेक जातींच्या मासळीची किमान लांबीही ठरवली. ज्या मच्छीमारांच्या बायका-मुलांसाठी आपण कापड विकतो, त्यांचे उद्याचे उत्पन्न या पिल्लांत आहे, हे आपल्या फायद्याच्या दृष्टीनेही ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

कागदावर भावाच्या जागी ‘आकाराप्रमाणे’ असे छापलेले असते, तिथे विशेष जपावे. आमच्या एका मित्राने एका समुद्रकाठच्या हॉटेलात पापलेट मागवले, भाव विचारला नाही, आणि एका माशाचे ११०० रुपये मोजून आला. भांडायला जागा नव्हती, कारण छापील कागदावर आकडाच नव्हता. भाव ठरल्याशिवाय झालेला सौदा आपल्या फिकहमध्येही दुरुस्त मानत नाहीत. दुकानात आपण हा मसला पाळतो. हॉटेलात मासा तव्यावर पडण्याआधी तो पाहावा, वजन विचारावे, रक्कम कबूल करून घ्यावी. दोन मिनिटे जातात.

पंचांग आणि वार यांचाही भावाशी संबंध आहे. पावसाळ्यात १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. या दोन महिन्यांत ताटात येणारी सुरमई बर्फातली असते किंवा बाहेरून आलेली असते. खाडीची मासळी थोडीफार मिळते. अशा दिवसांत ताज्या मासळीचा भाव देणे म्हणजे मागच्या हंगामाचा माल नव्या छापाच्या भावाने घेणे होय. त्यापेक्षा सुके बोंबील, सोडे, जवळा मागावा. उन्हाळ्यात वाळवून ठेवलेला हा माल त्या वेळी किनाऱ्याचा खरा माल असतो आणि तांदळाच्या भाकरीबरोबर तो कोणत्याही बर्फातल्या तुकडीला भारी पडतो. वाराचे म्हणाल तर सोमवारी, गुरुवारी आणि श्रावणात आपले पुष्कळ हिंदू बांधव मासळी वर्ज्य करतात, तेव्हा मागणी उतरते आणि भाव नरमतो. शनिवार-रविवार याच्या उलट. मार्च २०२० मध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट सुरू झाली आणि मुंबईच्या मोटारी बोटीत बसून थेट उतरू लागल्या. त्याचा फायदा किनाऱ्याला झाला. पण शनिवार-रविवारी अलिबाग ते काशीद पट्ट्यातला दर मुंबईचे गिऱ्हाईक पाहून ठरतो, फिरस्त्या व्यापाऱ्याला पाहून नव्हे. आम्ही आमच्या खेपा मंगळवार-बुधवारी ठेवतो याचे निम्मे कारण हेच आहे.

आपल्या लोकांसाठी आणखी एक अडचण आहे. कोंबडी-मटणाची खातरी नसेल तर आपण मासळीकडे किंवा शाकाहारी ताटाकडे वळतो, म्हणजे निवड आधीच अर्धी झाली. मुरूड, राजपुरी, बोर्ली पंचतन, म्हसळा, श्रीवर्धन या भागात ही अडचण नाही. मोहल्ल्यात कोणी ना कोणी जेवण देते. पण खातरीच्या ठिकाणी गेलो म्हणून हिशेब सोडावा असे नाही. पुलाव किंवा बिर्याणीची भरलेली प्लेट पाहून फसू नये. एक किलो तांदूळ शिजून अडीच-तीन किलो होतो, त्यामुळे प्लेट भरणे ही स्वस्त गोष्ट आहे. बोटी किती आणि केवढ्या, हे विचारावे.

एवढे वाचून कोणाला वाटेल की आम्ही खाणावळवाल्यांच्या विरुद्ध लिहीत आहोत. तसे नाही. वरच्या उदाहरणात १०० ग्रॅमची तुकडी देऊन ४०० रुपये घेणाऱ्याच्या हाती १८० रुपये राहिले. त्यातून व्यापारी सिलिंडर (हॉटेलाचा १९ किलोचा, घरचा १४.२ किलोचा चालत नाही), वीज, भाडे, मदतनिसाची मजुरी, आणि दुपारी न खपलेल्या जेवणाची नुकसानी जायची. जगभरच्या हॉटेल धंद्यात कच्चा माल विक्रीच्या साधारण एक तृतीयांश असावा असा ठोकताळा आहे. त्या हिशेबाने हेच ताट ६६० रुपयांना विकायला हवे. मग किनाऱ्यावरची खाणावळ ४०० मध्ये कसे देते? कारण भाकऱ्या थापणारी, मसाला वाटणारी, भांडी घासणारी घरची बाई आहे आणि तिची मजुरी वहीत लिहिलेली नाही. आपल्याला जे स्वस्त वाटते ते तिच्या बिनपगारी कष्टामुळे.

यात आपल्या घरांचा प्रश्न आहे. खाडीपलीकडच्या गावांतून आपल्याही अनेक भगिनी पर्यटकांना जेवण करून देतात. नवरा आखाती देशातून परतलेला, वाडीतल्या दोन खोल्या रंगवलेल्या, आणि भरवसा सगळा स्वयंपाकावर. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात श्रीवर्धन, मुरूड, म्हसळा या तालुक्यांतल्या नारळी-पोफळी आडव्या झाल्या आणि घरांची छपरे उडाली. वाडीचे उत्पन्न गेले, तेव्हा जेवणाचा धंदा हा जोडधंदा न राहता पुष्कळांचा मुख्य धंदा झाला. पण दर ठरवताना बहुतेक जण शेजारच्या पाटीकडे पाहून दहा रुपये कमी लिहितात. हा दर नव्हे, अंदाज आहे. दोन हंगाम चालून तिसऱ्याला बंद पडणाऱ्या खाणावळी आम्ही बऱ्याच पाहिल्या. त्यांच्या मालकांनी मालाचा हिशेब चोख ठेवलेला असे, घरच्या मजुरीचा कधीच नाही.

मुंबईच्या गिरणगावात कामगारांना जेवण देणाऱ्या खाणावळवाल्या बायांची हीच दशा होती. महिनाभर राबायचे, आणि माल मात्र वाण्याच्या व सावकाराच्या उधारीवर आणायचा. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन करून या बायांना एकत्र केले आणि राष्ट्रीयीकृत बँकांची कर्जे मिळवून दिली. आपल्या भगिनींनी निदान एवढे करावे : रोजची स्वतःची मजुरी एका मोलकरणीच्या दराने तरी वहीत लिहावी, आणि मगच ताटाचा भाव काढावा. भाव वाढला तर वाढू द्यावा, पण पाटीवर तुकडीचे वजन लिहावे. ‘सुरमई ८० ग्रॅम’ आणि ‘सुरमई १२० ग्रॅम’ अशी दोन ताटे ठेवली की गिऱ्हाइकाला निवड मिळते. वजन लिहिणारी खाणावळ आमच्या पाहण्यात अजून क्वचितच आहे. जी पहिली लिहील तिच्याकडे आम्ही तरी वळसा घालून जाऊ.

बिलाविषयी थोडक्यात. १५ नोव्हेंबर २०१७ पासून साध्या हॉटेलांच्या जेवणावर ५ टक्के जीएसटी आहे. कर वेगळा लावला असेल तर पावतीवर जीएसटी क्रमांक हवाच. कंपोझिशन योजनेतल्या हॉटेलाला गिऱ्हाइकाकडून कर वेगळा वसूल करता येत नाही. ‘सर्व्हिस चार्ज’ हा सरकारी कर नव्हे. तो आपोआप बिलात घालू नये अशी सूचना केंद्राच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये काढली आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ती कायम ठेवली. नको असल्यास काढायला सांगावा. पाण्याच्या बाटलीवर छापील किमतीपेक्षा जास्त घेतले म्हणून मात्र भांडू नये. बसायची जागा आणि सेवा देणाऱ्या हॉटेलाला तसे करता येते असा सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर २०१७ चा निकाल आहे. साधे पाणी मागावे. अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा १४ आकडी क्रमांक पावतीवर किंवा भिंतीवर असला पाहिजे.

सुतार, गवंडी, रंगारी, फर्निचरवाले असे जे कारागीर अलिबागकडच्या बंगल्यांच्या कामावर महिनोन्महिने राहतात, त्यांचा हिशेब वेगळा. त्यांनी रोजचे ताट घेऊ नये, महिन्याची खाणावळ लावावी. समजा दोन वेळचे महिन्याला ४,५०० रुपये ठरले, तर ६० जेवणे झाली आणि एक जेवण ७५ रुपयांना पडले. रोज रोख देऊन या भावात पोटभर मिळणार नाही. मालकालाही डोकी आधी कळतात, जेवण उरत नाही, म्हणून त्याला हा भाव परवडतो. बोलताना तीन गोष्टी आधीच ठरवून घ्याव्यात. आठवड्यातून मासळी किती वेळा आणि कोणती. भात-भाकरीला मोजमाप आहे की हवी तेवढी. आणि खाडे. ईदला किंवा गावी लग्नकार्याला माणूस आठ दिवस गेला तर ते पैसे कापले जातील की नाही, आणि किती दिवस आधी सांगितल्यावर, यावरून आम्ही पाहिलेली बहुतेक भांडणे झाली आहेत. बहुतेक ठिकाणी सलग तीन-चार दिवसांपेक्षा कमी खाडा धरत नाहीत. तो दस्तूर मान्य असेल तरच आगाऊ रक्कम द्यावी, आणि दिलेली रक्कम तारखेसह त्याच्या वहीत आणि आपल्या वहीत, दोन्हीकडे लिहून घ्यावी.